प्रभावती चंद्र झाली तेव्हा

बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन उकंडाचा धर्मपाल झाला त्याला सहा वर्षं उलटली होती, तरी हेडमास्तर रामरावांच्या तोंडी अजून उकंडाच बसला होता. चारचौघांत तेवढे ते 'गुरुजी' म्हणत. दारव्ह्याजवळच्या त्या खेड्यातल्या शाळेत धर्मपालची नोकरी अजून कच्ची होती. ती पक्की व्हायची तर यंदाच्या तपासणीत डिप्टीसाहेबांसमोर त्याचा पाठ चांगला उतरायला हवा होता.

पाठ त्यानं हौसेनं निवडला होता, अमेरिकेचे अध्यक्ष आणि अंतराळ. पुस्तकात त्यावर काहीच नव्हतं, सगळं जुन्या वर्तमानपत्रांतून जमवलेलं. सातवीच्या पोरांना तो रंगवून सांगे. आयसेनहॉवर अध्यक्ष असताना रशियानं आधी उपग्रह उडवला आणि अमेरिकेचं नाक कापलं गेलं. मग केनेडी आले आणि त्यांनी भर सभागृहात सांगून टाकलं, हे दशक संपायच्या आत आमचा माणूस चंद्रावर उतरेल आणि सुखरूप परत येईल. पण धर्मपालचा आवाज चढायचा तो दुसऱ्याच गोष्टीवर. त्याच आयसेनहॉवरनी काळ्या लोकांच्या नऊ पोरांना गोऱ्यांच्या शाळेत बसता यावं म्हणून फौज धाडली होती! मागच्या भिंतीशी बसणारी डोमाजीची प्रभावती हे ऐकताना लिहिणं विसरून जायची. भिंतीशी बस असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. धर्मपालनंही पुढे ये म्हटलं नव्हतं.

पाठ अंगणात करायचा ठरला. एक पोरगा सूर्य, एक पृथ्वी, पाटलाचा दिगांबर यान. प्रभावती चंद्र, कारण तोंड सतत पृथ्वीकडे ठेवून फिरायचं हे तिला एकटीलाच जमलं होतं. यानानं पृथ्वीवरून निघायचं, चंद्राला हात लावायचा आणि परत यायचं. धर्मपालला यात काही वावगं दिसलंच नाही. पोरं वही त्याच्या हातात न देता टेबलावर ठेवतात, याची त्याला इतकी सवय झाली होती की हाताला हात लागण्याची गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी तालीम झाली. दिगांबर सुसाट निघाला आणि प्रभावतीपासून हातभर अंतरावर थबकला. तिचा हात पुढेच होता.

"लाव हात," धर्मपाल म्हणाला.

"माय घरात नाही घेणार, गुरुजी. आंग धुवा लागल मले."

पोरं हसली नाहीत. त्यांना ते रास्तच वाटलं, आणि धर्मपालच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रामराव ओसरीवरून बघत होते. त्यांनी त्याला बाजूला बोलावलं. "उद्या साहेबासंगं पाटीलही येऊन राह्यले. कायले वांदे करतं, उकंडा? पोरीले सूर्य करून टाक. सूर्याले कोणी हात लावत नाही."

कसलंसं मोठं कोडं सुटावं तसे ते खुशीत होते. धर्मपालनं तिथंच नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायला पक्की नोकरी लागते. तो अंगणात परतला आणि पोरीला म्हणाला, "तू सूर्य हो. सगळ्यात मोठी जागा आहे ती."

प्रभावतीनं पुढे केलेला हात खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी पाठ झोकात झाला. नवा चंद्र भोवऱ्यासारखा कसाही गरगरला, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दिगांबरनं त्याला टाळी दिली, पाटलांची छाती फुगली. प्रभावती मधोमध एकटी उभी होती.

"कुणाला काही विचारायचंय?" साहेबांनी विचारलं.

सूर्यानं हात वर केला.

"गुरुजी, त्या नऊ पोरायसाठी फौज आली," प्रभावती म्हणाली. "पण त्यायचे गुरुजी तवा कुठी होते?"

"वा! चुणचुणीत आहे पोरगी," साहेब हसले. "सांगा, गुरुजी."

सगळी शाळा त्याच्याकडे बघत होती. प्रभावती मात्र बघत नव्हती.

"ते पेपरात आलं नव्हतं," धर्मपाल म्हणाला.

साहेबांना हेही उत्तर आवडलं, आणि त्याची नोकरी पक्की झाली.