चौतीस प्रश्न

विमा कंपनीत छोटीने सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज तपासले. एक रकाना रिकामा दिसला की अर्ज परत. समोरचा माणूस कितीही गयावया करो, बाईंच्या कपाळावरची आठी काही हलायची नाही. एक्कावन्नाव्या वर्षी तिने नोकरी सोडली आणि योगोपचाराच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं, तेव्हा ऑफिसातल्या मंडळींनी तोंडावर अभिनंदन केलं आणि पाठीमागे म्हणाले, आता बाई लोकांचे श्वास तपासणार आणि परत पाठवणार.

पन्नाशी उलटली तरी घरात ती छोटीच होती, कारण थोरली ताई अजून होती. आणि ताई होती तोवर छोटीला मोठं व्हायची परवानगी नव्हती.

पहिलं वर्ष तिने नेटाने काढलं. वर्गातली पोरं तिच्या निम्म्या वयाची. ती हसत हसत पायाचे अंगठे धरायची आणि छोटीचे हात नडगीपाशीच थांबायचे. पण पाठांतरात, टिपणांत, शरीरशास्त्रात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. प्रमाणपत्र मिळालं की आपला स्वतःचा वर्ग काढायचा, हे तिने नोकरी सोडली त्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. परतीचे दोर तिने आपल्याच हाताने कापले होते.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने एक माणूस घ्यायचा, त्याच्याबरोबर साठ सत्रं करायची, वही ठेवायची आणि शेवटी त्या माणसाला घेऊन बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे बसायचं. याला तिथे केस म्हणत. छोटीने ताईला घेतलं. ताईचं कपडे दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. तीस वर्षं मशीनवर वाकून तिची मान आणि उजवा खांदा पार आखडून गेला होता.

"मी तुझी केस? म्हणजे तू माझी वकील का गं?" ताई म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली.

सुरुवात मात्र एका तक्त्याने करायची होती. चौतीस प्रश्न. माणसाला समोर बसवून एकेक प्रश्न मोठ्याने विचारायचा आणि तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. उत्तर माहीत असलं तरी विचारायचं, असं शिकवणाऱ्या मॅडमनी दोनदा बजावलं होतं. छोटीने मान डोलावली आणि घरी येऊन चहाचा कप शेजारी ठेवून तो तक्ता वीस मिनिटांत एकटीनेच भरून टाकला. ताईला काय विचारायचं? आई गेल्यावर जिने आपल्या वेण्या घातल्या तिचे गुडघे, तिची झोप, तिला कशाने पित्त होतं, सगळं छोटीला तोंडपाठ होतं. बाविसावा प्रश्न डोळ्यांचा होता: काही विकार, शस्त्रक्रिया, औषध? छोटीने लिहिलं, 'नाही. वाचायचा चष्मा.' दुसऱ्या दिवशी तिने कागद दुकानात नेला. ताईच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने मशीनच्या कडेवर कागद टेकवला आणि न वाचता सही ठोकली. दुसऱ्या कुणाचा असा अर्ज छोटीच्या टेबलावर आला असता तर तिने तो भिरकावून दिला असता.

रोज सकाळी सातला दुकानाच्या मागच्या खोलीत सत्र चाले. कापडाचे गठ्ठे एका बाजूला सारायचे, सतरंजी टाकायची, दार लोटून घ्यायचं. तिसाव्या सत्राला ताईचा उजवा हात सरळ वर जाऊन कानाला लागला. त्या दिवशी तिने हात खाली आणलाच नाही. तसाच वर धरून ती खोलीभर फिरली आणि छोटीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका आनंद तिला नोकरीतल्या कुठल्याच बढतीने झाला नव्हता.

मग तिला हुरूप आला. हुरूप म्हणजे काय, हावच. तिने डोकं खाली जाणारी आसनं सुरू केली. आधी कमरेखाली लोड घेऊन पाय भिंतीवर, मग खुर्चीच्या आधाराने सर्वांगासन. ताई उठली की म्हणायची, "डोकं जड झालंय गं, कपाळ ठणकतंय." छोटी वहीत लिहायची, 'जडपणा. सवयीने जाईल.' असं तिने चार वेळा लिहिलं.

एक्केचाळिसाव्या सत्रात ताई उठून बसली आणि म्हणाली, "कुठे गेलीस?"

छोटी तिच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर उभी होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ताई यायला तयार नव्हती. छोटीने तिला जवळजवळ ओढतच नेलं. तिथे गेल्यावर कळलं की ताईची फाइल तिथे आधीपासून होती. काचबिंदू. दोन वर्षांपूर्वी निदान झालं होतं. रोज रात्री थेंब घालायचे होते आणि ते ती घालतही होती. बाटली मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्यामागे असायची.

"डोकं खाली करायचा काही व्यायाम करता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे!" ताई ताडकन म्हणाली.

छोटी गप्प बसली. फार वेळ नाही. पण बसली, आणि त्या तेवढ्या वेळात तिच्या मनात डोळा नव्हता, प्रमाणपत्र होतं. मग तिने सगळं सांगितलं. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "आजपासून बंद. डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो. त्यानेच झालं असं मी म्हणणार नाही. पण भर पडलीच नाही, असंही म्हणवत नाही. डाव्या बाजूचं जे गेलंय ते परत येणार नाही. राहिलंय ते सांभाळू."

बाहेर फुटपाथवर छोटीचा बांध फुटला. "तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? शिवणारीचे डोळे गेले असं एका तोंडातून बाहेर पडलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दाराला लागतं." ताईने तिच्या हातात रुमाल कोंबला. "आणि तुला सांगितलं असतं तर तू दुसरी केस शोधली असतीस. इतक्या वर्षांत कधी रोज सकाळी आली होतीस का माझ्याकडे?"

छोटी रुमालात तोंड खुपसून उभी राहिली.

परीक्षा तीन आठवड्यांवर होती. छोटीने मॅडमना सगळं सांगितलं, अगदी चहाच्या कपासकट. मॅडम बराच वेळ कपाळ चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तक्त्यावर त्यांची सही आहे. माणसाने माहिती दडवली, अशी नोंद आपल्याकडे चालते. ती खोटीही नाही म्हणा, दडवलीच ना त्यांनी? परीक्षेला बसायचं की नाही, काय बोलायचं, ते तुम्ही ठरवा. मी मध्ये पडणार नाही." बोलून झाल्यावर त्यांनी छोटीकडे पाहायचं टाळलं.

ताईचं मात्र ठरलेलं होतं. "दडवलं असंच लिही. मी येऊन सांगते. दोन वर्षं घासलीस ती पाण्यात घालायला का? डोळ्याचं व्हायचं ते झालं. निदान तुझं तरी होऊ दे." छोटी तीन आठवडे झोपली नाही. ती नोंद तिने दोनदा लिहिली आणि दोनदा फाडली. ताईला यातलं काही सांगितलं नाही. ताईही काही विचारत नव्हती. तिने आपल्या परीने सगळं गृहीत धरलं होतं.

परीक्षेच्या दिवशी ताई ठेवणीतले कपडे घालून आली. परीक्षक एक वयस्कर डॉक्टर होते, कानात श्रवणयंत्र, समोर वह्यांचा ढीग. त्यांनी छोटीची वही चाळली आणि बोट एक्केचाळिसाव्या पानावर ठेवलं. "इथे सत्रं थांबली. का?"

छोटी तोंड उघडणार तोच ताई बोलली. "माझ्यामुळे. मला काचबिंदू आहे. तिने मला विचारलं होतं, चांगलं समोर बसवून विचारलं होतं. मी नाही म्हणाले."

आता नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढंच काम होतं. छोटीने एकदा खिडकीकडे पाहिलं.

"नाही सर," ती म्हणाली. "मी विचारलंच नाही. तक्ता मी घरी बसून एकटीने भरला. तिने वाचलासुद्धा नाही."

"अगं, काय बोलतेस!" ताई हसली, पण हसू चेहऱ्यावर ठरेना. "सर, ही लहानपणापासून अशीच. दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेते. मी सांगते ना, विचारलं होतं हिने."

परीक्षकांनी तक्ता काढला आणि सावकाश वाचला, पहिल्यापासून चौतिसाव्यापर्यंत. मग तो ताईपुढे सरकवला. "बाई, झोपेबद्दल इथे लिहिलंय, 'तिला रात्री उशिरा झोप लागते.' गुडघ्याचं, 'तिला जिना चढताना त्रास होतो.' माणूस स्वतःबद्दल बोलताना 'तिला' म्हणेल का? हे तुमचं बोलणं नाही. तुम्ही माझ्याशी खोटं का बोलताय?"

ताईने कागदाकडे पाहिलं. वाचायला तिला मान डावीकडे वळवावी लागली. तिचे कान लाल झाले होते. गिऱ्हाइकाची एक टाचणीसुद्धा परत करणारी बाई, साठी उलटल्यावर परक्या माणसापुढे खोटारडी ठरली होती.

छोटी नापास झाली. तिला पुढच्या वर्षी पुन्हा, नवा माणूस घेऊन यावं लागणार होतं. परीक्षक जाताजाता म्हणाले, "खरं बोललात हे बरं केलंत." छोटीला त्या क्षणी त्या शाबासकीचा राग आला.

ताई आधीच जिन्यापाशी जाऊन उभी होती. छोटी धावत तिच्याजवळ गेली.

"ताई, मला प्रमाणपत्र खोटं बोलून नको होतं गं."

"मग मला आधी सांगायचंस." ताईचा आवाज चढला नाही. चढला असता तर छोटीला सोसला असता. "खरं बोलणार होतीस तर घरी म्हणायचंस, ताई, मी खरं सांगणार आहे, तू काही बोलू नकोस. मी बोलले असते का? पण तू विचारलं नाहीस. तुला मोकळं व्हायचं होतं, झालीस मोकळी. माझा डोळा गेला तो गेला, तोंडही काळं झालं."

छोटीला रडूही येईना. न विचारण्याची तीच चूक तिने दुसऱ्यांदा केली होती, आणि या वेळी तर ती करताना तिला आपण फार चांगलं वागतोय असं वाटलं होतं.

जिना अरुंद होता आणि कठडा डाव्या बाजूला होता. ताईने हात पुढे केला, तो कठड्याच्या अलीकडेच हवेत चाचपडला. छोटीचा हात आपोआप तिच्या दंडाकडे गेला आणि दंडापाशी पोचता पोचता थांबला.

"ताई, हात धरू?"

ताईने कठडा शोधून घट्ट पकडला. एक पाय खाली टाकून पायरी चाचपली.

"नको," ती म्हणाली.

छोटीने हात मागे घेतला. ताई एकेक पायरी मोजत उतरू लागली, आणि छोटी तिच्या मागून, दोन पायऱ्यांचं अंतर ठेवून उतरत राहिली.