टेबलावर दुसरा डबा

मर्ल ब्रूनिंगच्या शेडमध्ये काम करायचं तर एक नियम पाळावा लागे. कामाच्या टेबलावर बंदुकीच्या दारूचा एका वेळी एकच डबा. दुसरा हवा असेल तर पहिला कपाटात जाणार, कपाटाला कडी लागणार, आणि मगच दुसऱ्याला हात. इतक्या वर्षांत मर्लने हा नियम स्वतः कधी मोडला नव्हता, आणि दुसऱ्याने मोडला तर त्याची गय केली नव्हती. जावयाला त्याने याच कारणावरून शेडबाहेर काढलं होतं. पुढे मुलीने त्याला घराबाहेर काढलं, पण तिची कारणं वेगळी होती.

शनिवारी सकाळी कॉफीचा मग घेऊन मर्ल शेडमध्ये आला, आणि टेबलावर दोन डबे होते.

तो दारातच थांबला. शेडची किल्ली एकच होती आणि ती त्याच्या पट्ट्याला लटकत होती. वर पत्र्यावर एक अक्रोड धाडकन पडला. ऑक्टोबर महिनाभर हे चालायचं, तरी आज तो दचकला आणि कॉफी बोटांवर सांडली.

कपाटात नेहमी हे दोनच डबे असत. एकातली दारू झपाट्याने पेटणारी, चहाच्या पत्तीसारखी चपटी आणि काळी. दुसऱ्यातली सावकाश जळणारी, खसखशीसारखी गोल. त्याची मुलगी अडेल ज्या पिस्तुलाने स्पर्धेत उतरे, त्याच्या काडतुसात गोल दारू अगदी काठोकाठ भरावी लागे. तेच काडतूस चपट्या दारूने काठोकाठ भरलं तर गोळी पुढे जायच्या आधी पिस्तूलच फुटणार, आणि ते धरणाऱ्याची बोटं घेऊन जाणार. डोळाही जाईल. काडतुसं भरायच्या यंत्रावरच्या मापाला यातलं काही कळत नाही. ते वजन करत नाही, फक्त भांडं भरून ओततं. वरच्या नळकांड्यात तुम्ही काय घातलंय ते तुम्हीच लक्षात ठेवायचं असतं.

नळकांडं रिकामं होतं आणि स्वच्छ पुसलेलं होतं. काम संपलं की उरलेली दारू तो नेहमी डब्यात परत ओतून ठेवी. मर्लने गोल दारूचा डबा उघडला आणि खिडकीपाशी नेला. वरच चपट्या काळ्या पाकळ्यांचा थर होता. त्याने बोट फिरवलं तेव्हा खालची खसखस दिसली.

उरलेली दारू चुकीच्या डब्यात परत गेली होती, म्हणजे काडतुसं भरताना नळकांड्यात हीच पाकळ्यांची दारू होती. दुसरा कुठलाही अर्थ निघत नव्हता. त्याने दोनदा काढून पाहिला.

गुरुवारी आपण इथे बसलो होतो एवढं त्याला आठवत होतं. रेडिओवर हवामानाच्या बातम्या होत्या. मध्येच चारदोन काडतुसं काट्यावर ठेवून वजन करायची त्याची सवय होती. ती परवा केली का? तिथे सगळं कोरं होतं. गेले कित्येक महिने असं कोरं पडत चाललं होतं. चुलीवरचं भांडं, कुंपणाचं फाटक, चर्चबाहेर उभा केलेला ट्रक. त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण पुढे काय होईल ते त्याला ठाऊक होतं. गोड बोलून शेडला कुलूप लावतील. अन् मग सकाळी उठायचं कशासाठी?

काल संध्याकाळी अडेल येऊन लाकडी खोकं घेऊन गेली होती. खोक्यात कप्पे होते आणि एकेका कप्प्यात काडतुसांची एकेक निळी पेटी. ते खोकं मर्लनेच तिच्या गाडीच्या डिकीत ठेवलं होतं. "जिंकून ये," असंही वर म्हणाला होता. आज राज्य स्पर्धेची शेवटची फेरी होती.

त्याने फोन लावला. वाजून वाजून तिचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, हसरा, निरोप ठेवा म्हणणारा. नेमबाजीच्या मैदानावर सगळ्यांचे फोन गाडीत आणि कानांवर जाड झाकणं. मर्लने निरोप ठेवला, "अडेल, उडवू नकोस, माझ्या पेट्या उडवू नकोस," आणि तो बोलत असतानाच आपण भिंतीशी बोलतोय हे त्याला कळत होतं.

ट्रकची किल्ली अडेलने वसंतातच काढून घेतली होती, तो रस्ता चुकून शेजारच्या परगण्यात पोचला तेव्हापासून. दुसरी किल्ली स्क्रूंच्या डब्यात होती. ती मात्र त्याला एका क्षणात आठवली.

खडीच्या रस्त्यावरून त्याने ट्रक असा हाणला की मागे धुळीचा डोंगर उठला. पाण्याच्या टाकीपाशी रस्त्याला दोन फाटे फुटत होते, आणि तिथे त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. या रस्त्याने तो तीस वर्षं येत होता. मैदानाचे मातीचे बांध त्याने स्वतः ट्रॅक्टर चालवून घातले होते. डावीकडे ओकची झाडी होती, उजवीकडेही ओकचीच झाडी होती, आणि दोन्ही रस्ते त्याच्याकडे अनोळख्यासारखे बघत होते.

"अरे आठव, गाढवा," तो स्वतःला म्हणाला. "पोरीचा हात जाईल तिकडे."

आठवलं नाही. घाम डोळ्यांत उतरला. त्याने खिडकीची काच खाली केली, इंजिन बंद केलं आणि कान दिले. आधी फक्त वारा होता. मग उजवीकडून, टेकडीच्या मागून, टपटपटप आवाज आला, जलद आणि सारख्या अंतराने. तो उजवीकडे वळला.

काच त्याने वर केली नाही. दर वेळी बार ऐकू आले की त्याचा जीव वर येई, आणि थांबले की खाली जाई. फुटणाऱ्या पिस्तुलाचा आवाज त्याने आयुष्यात एकदाच ऐकला होता. तो मोठा नसतो, चपटा असतो, आणि त्याच्यामागून माणसाचा आवाज येतो. तो आवाज येऊ नये म्हणून मर्ल देवाला विनवत राहिला, आणि हे त्याने इर्मा, त्याची बायको, गेल्यापासून केलं नव्हतं.

मैदानात गाड्या दाटीवाटीने उभ्या होत्या. ट्रक मध्येच सोडून तो धावला. धावणं कसलं, खुरडत गेला. नेमबाजीसाठी बांधांनी वेगळे केलेले चौक होते, त्यातल्या दुसऱ्या चौकात अडेल त्याला पाठमोरी दिसली. तिची पाळी नुकतीच झाली होती. तिने पिस्तूल उघडून पंचाला रिकामं दाखवलं, कमरेला लावलं आणि वळली. दोन्ही हात होते. दहाही बोटं होती.

"बाबा? तुम्ही इथे? कोणी आणलं तुम्हाला?"

"तू उडवलीस? माझ्या पेटीतली उडवलीस?"

"आधी बसा. किती धापा टाकताय! ट्रक घेऊन आलात ना? बाबा, काय ठरलं होतं आपलं?"

"अडेल, ती काडतुसं चुकलीयत. दारू चुकलीय. पाकळ्यांची भरली मी. काठोकाठ." एवढी चार वाक्यं बोलायला त्याला आयुष्यभराचा मान खाली ठेवावा लागला. "एक तरी उडवलीस का सांग."

अडेलने कानांवरची झाकणं काढली, त्याच्या खांद्याला धरून त्याला जरा बाजूला नेलं.

"नाही उडवली," ती म्हणाली. "गेल्या शरदापासून तुमची एकही उडवलेली नाही. मी घरी माझी माझी भरते."

"म्हणजे?"

"तुमच्या एका पेटीत बुडाची, दारू पेटवणारी टोपी उलटी बसवलेलं काडतूस निघालं. मग दारूच नसलेलं एक. तेव्हापासून मी तुमची नेते आणि घरी नेऊन फोडून टाकते. नाही घेतली असती तर तुम्ही विचारलं असतंत, का घेत नाहीस म्हणून. काय सांगणार होते? तुमचा सगळा जीव त्या टेबलावर. माझ्याच्यानं नाही झालं हो."

मर्लला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ कोणी सगळ्यांसमोर थोबाडीत मारावी तसं. वर्षभर तो दर आठवड्याला वाकून वाकून काडतुसं भरत होता, आणि ती दर आठवड्याला ती फोडत होती. "फार छान चालली, बाबा," असं येऊन सांगतही होती. त्याला तिचा भयंकर राग आला.

"तोंडावर सांगायचंस! मी काय लहान पोर आहे?"

"हळू बोला."

"का हळू? तुझ्या माहेरच्या शेडमध्ये बॉम्ब तयार होतायत, आणि तू मला लॉलीपॉप देत होतीस! आत्ता कुठाय ते खोकं?"

"डिकीतच आहे. घोंगडीखाली झाकलंय. कोणी हात लावत नाही तिथे."

पलीकडे चौकात पुढच्या स्पर्धकाचं नाव पुकारलं गेलं. ड्वाइट. गुराढोरांच्या खाद्याचं दुकान चालवणारा, पोट सुटलेला, सतत खिदळणारा. त्याचं पिस्तूल मर्लनेच बनवलेलं होतं, अडेलच्या पिस्तुलाचा जुळा भाऊ. चाप दोन्हींचा एकाच हाताने घासलेला, वाळलेली शेंग फुटावी तसा सुटणारा. एकाची काडतुसं दुसऱ्यात चालत.

"उस्ताद!" मर्लला पाहताच ड्वाइट लांबूनच ओरडला. "बरं झालं आलात! आज तुमच्या लेकीला रडवणार आहे, आणि तेही तुमच्याच मालाने!"

अडेलने मान वळवली. ड्वाइटच्या मागे टेबलावर एक निळी पेटी उघडी पडली होती. झाकणावर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर मर्लचं तिरकं अक्षर होतं.

"ड्वाइट, ती कुठून आणलीस?"

"तुझ्या डिकीतून, अजून कुठून! माझी संपली. घोंगडीखाली लपून बसली होती बिचारी," तो हसत म्हणाला आणि कानांवर झाकणं ओढली.

तो रेषेवर गेला. भरलेली मॅगझीन त्याने खटकन आत सारली, वरची पट्टी मागे ओढून सोडली. पहिलं काडतूस नळीत गेलं. पंच लोवेलने वेळ मोजायचं यंत्र त्याच्या खांद्यामागे धरलं.

"तयार?"

वीस वर्षं मर्ल या मैदानावर पंच होता. 'थांबा' हा शब्द इथे कोणीही ओरडू शकतो, आणि ओरडला की प्रत्येकाने आहे तिथे गोठायचं, असा इथला कायदा. उगाच ओरडणाऱ्याची पुढची दहा वर्षं टिंगल होते, म्हणून ओरडायला कोणी धजत नाही.

"थांबा!" मर्ल ओरडला. "थांबा! चाप ओढू नकोस!"

ड्वाइटचं बोट चापावर चाललं होतं, ते तिथेच राहिलं. मग सरळ झालं. त्या चौकातले सगळे जागच्या जागी गोठले, फक्त टेकडीपलीकडच्या चौकांतून बार ऐकू येत राहिले.

"काय झालं, उस्ताद?" ड्वाइट नळी समोर बांधाकडेच ठेवून म्हणाला.

"माझी काडतुसं खराब आहेत. मी चुकीची दारू भरलीय."

लोवेल पुढे आला. तो मर्लशी अशा आवाजात बोलला ज्या आवाजात लोक आजाऱ्याशी बोलतात. "मर्ल, चल, सावलीत बस. अडेलने सांगितलंय आम्हा पंचांना सगळं. असं होतं कधी कधी."

म्हणजे इथल्या सगळ्या पंचांना माहीत होतं. एकट्या मर्लनेच ते लपवून ठेवलं होतं.

"तुमच्या हातची आणि खराब?" ड्वाइट म्हणाला. "काहीतरीच काय! तुमच्या काडतुसावर मी डोळे मिटून चाप ओढीन."

"ओढशील, म्हणूनच म्हणतोय, मूर्खा! डोळे कायमचे मिटशील!"

अडेल मध्ये शिरली. ड्वाइटच्या हाताखाली हात घालून तिने मॅगझीन काढून घेतली, पट्टी मागे ओढून नळीतलं काडतूस बाहेर पाडलं. गोळी उपटायची प्लास्टिकची हातोडी तिच्या पिशवीत होती. तिने काडतूस तिच्यात अडकवलं आणि टेबलाच्या पायावर दणका दिला. दुसऱ्या दणक्याला गोळी निघाली. आतलं तिने लोवेलच्या तळहातावर ओतलं. तळहातावर काळ्या चपट्या पाकळ्यांचा लहानसा ढीग झाला, आणि काही खाली गवतात सांडल्या.

ड्वाइट आपल्या उजव्या हाताकडे बघत होता, बोटं एकेक मिटून उघडून.

अडेल गाडीकडे धावली आणि खोकं उचलून घेऊन आली. ते तिने टेबलावर ठेवलं, पेट्यांवरून हात फिरवला, आणि थांबली.

"बाबा, यात दोन कप्पे रिकामे आहेत."

"एक मी घेतली," ड्वाइट म्हणाला. "देवाशपथ, एकच."

"मग दुसरी?" तिने मर्लकडे पाहिलं. आता तिच्या आवाजात गोडी नव्हती, आणि त्याला ते बरं वाटलं. "काल मी नेलं तेव्हा हे भरलेलं होतं का? की त्याआधी कोणी आलं होतं? कोणाला दिलीत, बाबा?"

त्याच्या शेडमधून कोणी रिकाम्या हाताने जात नसे. आला त्याला एक पेटी, हा त्याचा शिरस्ता होता, आणि त्याचा त्याला अभिमान होता. त्याने डोळे मिटले. रेडिओ लागला होता. कोणाचा तरी हात पुढे आला, पेटी घेतली, कोणीतरी 'उपकार झाले' म्हणालं, आणि जाळीचं दार आपटलं. हात त्याला स्पष्ट दिसत होता, नखांत ग्रीस होतं. मनगटाच्या वर काहीच नव्हतं.

"बाबा. कोण आलं होतं?"

मर्लने तोंड उघडलं. टेकडीपलीकडे कुठेतरी एकेक बार होत होता, आणि दर बाराला तिथे उभी असलेली सगळी माणसं मान वळवून तिकडे बघत होती.