काय हा घात!

मित्रांनो, मी एक जुने पोस्टर आहे, आणि माझा जन्म सूड घेण्यासाठी झाला. असे कुणी उघड सांगत नाही. मी सांगते.

आमच्या समुद्रकाठी माणूस गेला की त्याला लगेच पुरत नाहीत. दूरचे नातेवाईक जमेपर्यंत तो शवागारात थांबतो आणि तोवर भिंतीभिंतींवर त्याचे पोस्टर लागते. मधे मोठा फोटो, कडेने काळी-लाल पट्टी, खाली शोक करणाऱ्यांची नावे. म्हातारे माणूस गेले तर वर मथळा असतो, ‘देवाघरचे बोलावणे’. तरुण गेले तर ‘काय हा घात!’ वर्तमानपत्र न वाचणारा माणूस आमच्याकडे भेटेल, पण असे पोस्टर न वाचता पुढे जाणारा भेटणार नाही.

आराबा तरुण गेली. साधा ताप आला आणि गेली.

ती विद्यापीठात संशोधन करायची. किनाऱ्यावरच्या बायका भट्टीच्या धुरावर मासे टिकवतात आणि जन्मभर खोकतात. भट्टीच्या तोंडाला मातीचा एक ओठ बसवला की धूर बाईच्या तोंडावर न येता मागून निघून जातो, हे आराबाने शोधले. त्याचे पोस्टर संशोधकांच्या परिषदेत लावायचे होते. जेवणाच्या टेबलावर तिने ते पेन्सिलने काढले. डावीकडे जुनी भट्टी, उजवीकडे ओठाची. दोन्हींपुढे बायकांची रांग, आणि खोकणाऱ्या बायका काळ्या रंगवलेल्या. डावी रांग जवळजवळ सगळी काळी. उजवीकडे काळ्या बायका शोधाव्या लागत.

तिचा नवरा एको शाळेत भूगोल शिकवायचा. तो म्हणाला, “शब्द कुठे आहेत? लोक म्हणतील, अभ्यासच केला नाही.”

“पोस्टर म्हणजे भिंतीला चिकटवलेलं पुस्तक नाही रे,” आराबा म्हणाली. “आधी चालत्या माणसाचा पाय थांबला पाहिजे. मग तो विचारेल, मग मी सांगेन.”

तिचे मार्गदर्शक प्राध्यापक आमिसा ते चित्र पाहून हसले होते. “हे संशोधन आहे की मासळीबाजाराची पाटी?” घरी येऊन तिने भांडी जोरात घासली.

ती गेल्यावर प्राध्यापक भेटायला आले. पाण्याच्या बाटल्यांचे खोके आणले, डोळे पुसले आणि निघताना तिचा लॅपटॉप मागितला. “माझ्याकडे सांभाळायला दे, एको. तिचं काम सुरक्षित राहील.” एकोने रडतच दिला.

मग तो तिचे मृत्यूचे पोस्टर छापायला एवुरामा नावाच्या बाईच्या दुकानात गेला. गावात फ्लेक्स छापायचे यंत्र एकच. लग्न, मयत, परिषद, सगळे त्याच्याच पोटातून निघते. त्या वेळी आमिसांचे पोस्टर बाहेर येत होते. वरपासून खालपर्यंत बारीक अक्षरे, जणू मुंग्या लागल्या आहेत. त्या मुंग्यांत भट्टी होती, मातीचा ओठ होता. वर नाव एकच, आमिसांचे. एकोने गुडघ्यावर बसून तळापर्यंत शोधले. आराबा कुठेच नव्हती.

एवुरामाने विचारले, “एको भाऊ, वर ‘काय हा घात!’ हेच लिहू ना?”

“हेच लिही,” एको म्हणाला. “अक्षर मोठं कर. घात मोठा आहे.”

मग त्याने खिशातून पेन्सिलचे चित्र काढून तिच्यापुढे ठेवले.

असे माझे रूप ठरले. काळी-लाल पट्टी, मधे हसणारी आराबा, दोन्ही बाजूंना तिच्या भट्ट्या आणि बायकांच्या रांगा. खाली शोक करणाऱ्यांत किनाऱ्यावरच्या बायकांची नावे, आणि शेवटी एक सभ्य ओळ: ‘मृतेचे संशोधन ज्यांच्याकडे सांभाळायला दिले आहे ते, प्राध्यापक आमिसा.’

परिषदेच्या सकाळी एकोने मला सभागृहाच्या फाटकाशी लावले. येणारा प्रत्येक जण थांबला. मृत्यूचे पोस्टर म्हणून थांबला आणि भट्ट्या पाहत उभा राहिला. आत मुंग्यांच्या पोस्टरपुढे कुणी नव्हते. खरे सांगते, मला फार गोड वाटले.

आमिसा धावत आले. रखवालदारावर ओरडले, “काढ ते!”

“प्रोफ, पुरायच्या आधी मेलेल्या माणसाचं तोंड फाडू? माझ्या घरात लेकरं आहेत. तुम्हीच फाडा.”

आमिसांचा हात पुढे गेला आणि मागे आला. एवढ्या लोकांसमोर मृताचा चेहरा कोण फाडणार? ते चिडून म्हणाले, “हे मयताचं पोस्टर नाहीच! हे संशोधनाचं पोस्टर आहे!”

काळी वस्त्रे नेसून आलेली एसी कुमा मावशी पुढे झाली. तिची भट्टी आराबाने स्वतःच्या हाताने लिंपली होती. “असं होय? मग संशोधन कुणाचं, प्रोफ? फोटो तर तुमचा दिसत नाही.”

लोक हसले. मयताच्या पोस्टरपुढे हसले! राजधानीहून आलेल्या प्रमुख पाहुण्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझी शेवटची ओळ पुन्हा वाचली, आत जाऊन मुंग्या वाचल्या आणि आमिसांच्या हातात जाड पेन दिले. सगळ्यांसमोर आमिसांनी आपल्या पोस्टरवर, आपल्या नावाच्या वर, आराबाचे नाव लिहिले. एको म्हणाला, “मोठं लिहा, सर. लांबून दिसत नाही.”

सूड पुरा झाला. एको घरी गेला. टेबलावर तिची पेन्सिल होती, ती नव्हती. सुडाने घर भरत नाही, हे त्याने मला नंतर सांगितले. पण त्याने माफही केले नाही, आणि मीही नाही.

अंत्यविधी झाला. माझ्यावर ऊन पडले, बकऱ्यांनी माझा कोपरा चावला, कुणी माझ्याकडे बघेना. शेवटी मावशीने मला उचलून भट्टीच्या खोपटात टांगले. नव्या बायका माझ्याकडे बघून ओठ लिंपायला शिकतात.

मित्रांनो, तुम्हीही कधी पोस्टर कराल. चित्र मोठे काढा, शब्द थोडे ठेवा, आणि ज्याने काम केले त्याचे नाव सांभाळा. ते खोडाल, तर माझ्यासारखे कुणीतरी तुमच्या फाटकाशी उभे राहील.

इथे रोज धूर असतो. जुनी भट्टी असती तर मी केव्हाच काळे पडले असते. ओठामुळे धूर मागून निघून जातो. म्हणून आराबाचे नाव अजून वाचता येते.