केदारचं भाषण

"पटायचं नाही कुणाला, लावा पैज!" तळमजल्यावरच्या आबांनी तर्रीचा भुरका मारला. "पण आपल्या केदारनं ठाण्यात एक चालतं घड्याळ बंद पाडलं. नुसतं गप्प बसून!"

डोंबिवलीच्या त्या गच्चीवर मिसळ खायला जमलेली अख्खी सोसायटी हसली. केदार प्लेट घेऊन पाण्याच्या टाकीआड सरकला. घोळका दिसला की त्याचा जीव गोगलगायीसारखा शंखात जायचा. पलीकडे त्याची बायको क्षिप्रा पाव वाटत होती. सकाळीच तिनं बॅग भरली होती. "भिंतीशी संसार नाही होत मला," म्हणून संध्याकाळी ती कळव्याला माहेरी निघणार होती. ठाण्याला नवरा-बायकोच्या समुपदेशनालाही दोघं जाऊन आली होती. तिथंही बोलली ती एकटीच. आणि तिथलं सगळं तिनं आबांना सांगितलेलं.

"तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, केदार, मनातलं बोला. हा गप्प! भिंतीवरचं घड्याळ ओशाळून थांबलं. मनीप्लांटचा वेल ऐकायला वाकला, तो वाकलाच. शेवटी बाईंनाच राहवेना, त्यांनी स्वतःच्या सासूचं रडगाणं लावलं! यानं मान डोलावली, बाई मोकळ्या झाल्या. आता निम्म्या ठाण्याचे समुपदेशक याच्यापुढे रडायला येतात."

"आबा, काहीही हं!" शेजारच्या साईनाथला ठसका लागला.

"अरे, पुढे ऐक. बाई म्हणाल्या, हा रागावलेला नाही, अबोल आहे. एकेकाची बॅटरी शांततेतच चार्ज होते. मग हा उठला आणि असं भाषण ठोकलं, की पार कोपरीच्या पुलापर्यंत टाळ्या! म्हणाला, क्षिप्रा, तुझ्या बडबडीनं डोकं उठतं माझं, म्हणून मी..."

क्षिप्राचा पाव धरलेला हात तिथंच थांबला.

"खोटं!"

सगळ्यांच्या माना टाकीकडे वळल्या. केदारचे कान लाल झाले होते.

"साफ खोटं, आबा! डोकं कसलं उठतंय? मी लिफ्ट सोडून जिन्यानं येतो रोज. दुसऱ्या मजल्यापासून हिचा आवाज येतो, आईशी फोनवर बोलतानाचा. तो ऐकत चढतो. दारात पोचेपर्यंत शीण गेलेला असतो. मग बोलायला उरतं काय?"

आबा मिशीत हसत शेव वेचत होते.

क्षिप्रानं तो पाव केदारच्या प्लेटमध्ये ठेवला. "हे तिकडे बाईंपुढे का नाही सांगितलंस रे?"

"तिकडे तू बोलत होतीस ना," केदार म्हणाला. "ऐकत होतो."