बटणामागच्या चिठ्ठ्या

दुरुस्तीच्या धंद्यात गिऱ्हाइकाला एक प्रश्न कधी विचारू नये: हे मोडलं कसं? उत्तर ठरलेलं असतं. आपोआप. तीस वर्षांत माझ्या दुकानात आलेलं एकही यंत्र कुणी मोडलेलं नव्हतं, सगळी बिचारी आपोआप मोडली होती.

त्या दुपारी एक निवृत्त मास्तरीणबाई आपला जुना डेस्कटॉप सामानाच्या ट्रॉलीवर बांधून घेऊन आल्या. त्याचं पॉवरचं बटणही आपोआपच आत गेलं होतं आणि बाहेर यायचं नाव घेत नव्हतं. कॉम्प्युटर सुरू व्हायचा आणि चार-पाच सेकंदांत बंद पडायचा.

"अकरा वर्षं झाली घेऊन, पण कुणाला हात लावू दिला नाही," बाई अभिमानाने म्हणाल्या. "एकदाही उघडलेला नाही."

सहा वाजता न्यायला येते म्हणून त्या निघाल्या. मी त्यांना चहा विचारला. आता नाकावर राग घेऊन जन्मलेला माणूस गिऱ्हाइकाला चहा विचारतो म्हणजे काहीतरी घडलेलं असतं. घडलं होतंच. माझी मुलगी राहणार होती.

तिला मी भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी ती एका जागी बसली तर ताप आला असं समजायचं. आता पंचवीस वर्षांची आहे आणि माझ्याच दुकानात, पलीकडच्या टेबलावर, माझ्याकडे पाठ करून सोल्डरिंग करते. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीने तिला बोलावलं होतं. हो की नाही ते त्या दिवशी पाच वाजेपर्यंत कळवायचं होतं. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आठ दिवस मी तोंड फुगवून बसलो, आणि सकाळी शेवटचं अस्त्र काढलं: "जा तू खुशाल. मी शटर ओढतो आणि भिंतीकडे बघत बसतो." जेवताना ती खाली मान घालून म्हणाली, "नाही जात, बाबा. कळवते तसं त्यांना." मी वर तोंड करून म्हणालो, "तुझी मर्जी." काय म्हणावं अशा बापाला!

कॅबिनेटचे स्क्रू गंजून बसले होते. तेल सोडून, जोर लावून एकेक काढला. बाजूचा पत्रा निघाला तेव्हा आत अकरा वर्षांची धूळ नीट अंथरलेली होती. कुणाचा हात लागलेला नाही, हे बाईंचं म्हणणं खरं होतं. बटणाची मागची प्लास्टिकची दांडी मुळाशी तडकली होती. ब्रशने धूळ झाडली आणि बटणामागच्या पत्र्यावर दोन चिठ्ठ्या दिसल्या.

आमच्या दुकानाची एक पद्धत आहे. काम झालं की आतल्या बाजूला पांढरी चिठ्ठी चिकटवायची: तारीख, काय केलं ते, खाली सही. ही खोड माझी. गावात दुसरं कुणी असं करत नाही, उलट हसतात. पण पुढे उघडणाऱ्याला कळायला हवं, आधी कुणी काय करून ठेवलंय.

पहिली चिठ्ठी पिवळी पडली होती, कडा वळल्या होत्या. अक्षर माझं. सही माझी. तारीख आजची.

"पॉवरचं बटण तुटलं. शेजारच्या रिसेट बटणाची वायर पॉवरला दिली."

मी अजून काहीच केलेलं नव्हतं. काय करायचं ते ठरवलंही नव्हतं.

दुसरी तिच्याच खाली होती, तितकीच पिवळी. हिरवी शाई. आमच्याकडे हिरव्या शाईने एकच व्यक्ती लिहिते आणि तिच्या अक्षरातला 'र' असाच ओळीखाली लोंबतो. तारीख पुढच्या वर्षीची, नऊ मार्च. म्हणजे सहा महिन्यांनंतरची.

"बटण पुन्हा अडकलं. नवीन बसवलं. बाबा असते तर एकच काम दोनदा करावं लागलं म्हणून ओरडले असते."

बाबा असते तर. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चष्म्याचा काही दोष नव्हता.

"भिंगरे," मी हाक मारली, "तू हा डबा उघडला होतास?"

"आत्ता तर आलाय तो," ती मान न वळवता म्हणाली. "का हो?"

"काही नाही."

थट्टा तरी कशी म्हणू? स्क्रूंचा गंज मी माझ्या हाताने फोडला होता. चिठ्ठीवरची धूळ मी झाडली होती. बरं, आपल्या बापाच्या मरणाची थट्टा करणारी ती पोर नव्हे.

मग मला राग आला. भीती वाटली की मला आधी राग येतो, ही माझी जुनी रीत आहे. म्हटलं, रिसेटची वायर देतच नाही जा. पहिली चिठ्ठी खोटी पडली की दुसरीही आपोआप खोटी! तडकलेली दांडी चिकटवली, अर्धा तास वाळू दिली. पहिल्याच दाबाला तुटली. खणात तीन नवीन बटणं होती. पहिलं मुकं निघालं. दुसरंही. तिसरं एकदा टक् वाजलं आणि आत रुतून बसलं. कालच आणलेली बटणं ती, आणून मीच तपासलेली. आता बाई आल्या की सांगू, नाही होत काम, असं म्हणून मी हात पुसले.

पण बहुतेक पुसले नसावेत. कारण पुढचं मला आठवतं ते एवढंच, की पंखा घरघरत होता आणि माझं बोट रिसेटच्या बटणावर होतं. तीस वर्षांच्या सवयीने हातांनी मला न विचारता वायर काढून तिकडे लावली होती. कॉम्प्युटर छान सुरू झाला होता. इतक्या वर्षांत यशस्वी दुरुस्तीनंतर मला असा घाम कधी फुटला नव्हता. चिठ्ठी लिहायची गरजच नव्हती, ती आधीच लावलेली होती.

म्हणजे दुसरीही खरी होती. पावणेपाच झाले होते. भिंगरी फोन हातात घेऊन नकार टाइप करत होती. मला नऊ मार्चचं दुकान दिसलं. माझी खुर्ची रिकामी, आणि ही पोर एकटी, मी अडवून ठेवलेली, या पिवळ्या उजेडात वाकून दुसऱ्याची बटणं बसवतेय. मी मेलो तरी हिला सोडलेलं नाही. मरणाचं भय मोठं असतं, पण त्या क्षणी मला स्वतःची लाज जास्त वाटली.

"पाठवू नकोस," मी ओरडलो.

ती दचकली. "काय झालं?"

"हो म्हणून कळव. जा तू."

"अहो, सकाळी तर..."

"सकाळी मूर्ख होतो. तुझं सोल्डरिंग अजून कच्चं आहे. माझ्याजवळ बसून काय डोंबल सुधारणार? जा, चार शहाण्या माणसांत काम कर."

"मनापासून म्हणताय?"

"खोटं बोलायला मी काय गिऱ्हाईक आहे?"

ती हसली आणि हसता हसता रडली. पाचला सात मिनिटं कमी असताना तिने होकार पाठवला आणि बॅग शोधायला मागच्या खोलीत पळाली.

मी दिवा जवळ ओढला आणि पुन्हा आत पाहिलं. दुसरी चिठ्ठी जागच्या जागी होती. तीच वळलेली कड, तीच तारीख, नऊ मार्च. पण शाई निळी होती आणि अक्षर तिरपं, कुणा अनोळखी माणसाचं.

"बटण अडकलं होतं, नवीन बसवलं. आधीचं काम चांगलं आहे. करणारे गेल्या महिन्यात वारले, असं बाई म्हणाल्या."

मी तीनदा वाचलं. 'र' कुठेच लोंबत नव्हता. ती सुटली होती. मला हुश्श झालं, अगदी खरं सांगतो, आणि मग शेवटची ओळ डोक्यात शिरली. गेल्या महिन्यात म्हणजे फेब्रुवारीत. बोटांवर मोजले, पाच महिने. मी पत्रा लावला आणि स्क्रू आवळले.

भिंगरी बॅग घेऊन बाहेर आली. डोळे अजून ओले होते, पण चेहरा उजळला होता. एका जागी उभी राहत नव्हती.

"बाबा, त्यांचं उत्तर आलंसुद्धा! पहिली मोठी सुट्टी एप्रिलमध्ये. पंधरा दिवस. आले की तुमचं हे सगळं दुकान आवरून देते, बघाच."

"एप्रिलमध्ये," मी म्हणालो.

"हो. का?"

आयुष्यात मी तिला हुकूम केले होते, टोमणे मारले होते. विनंती कशी करतात ते मला माहीत नव्हतं.

"त्याच्या आधी," मी म्हणालो, "दोन दिवस तरी नाही का गं येता येणार?"