खालून येणारी हाक

सोलापूरच्या वैशाखात दुपारचं ऊन इतकं भरून येतं, की त्यात लागलेला दिवा दिसत नाही. माझा थोरला भाऊ वीज कंपनीत लाईनमन होता. गल्लीतल्या खांबावर चढून तो टेस्टर तारेला लावायचा, तेव्हा काचेतला तो तांबूस कण पेटला की नाही हे पाहण्यासाठी डावा तळवा वाकवून त्यावर सावली धरायचा आणि त्या सावलीत डोकावायला मान झुकवायचा. खालून बघणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या ओंजळीत पाखराचं पिल्लू आहे आणि ते अजून श्वास घेतंय का, एवढंच तो पाहतो आहे. त्याचं नाव सिद्धाराम. पण घरात, कचेरीत आणि वीज गेली की खांबाखाली जमणाऱ्या गर्दीत तो सगळ्यांचा अण्णा होता.

अण्णा मला आठवतो तो ऋतूंच्या अंगानं. उन्हाळ्यात त्याच्या शर्टाच्या पाठीवर घामाचं मीठ वाळून पांढऱ्या रेघा उमटत, आणि संध्याकाळी तो दारात आला की आधी तापलेल्या रबराचा वास घरात शिरे, मग तो. पावसाळा ओसरता ओसरता तारांवर रानवेली चढलेल्या असत. त्या उतरवून आलेल्या त्याच्या हातांना हिरवट, कडसर वास येई आणि जेवताना तो भाकरीलाही लागे. थंडीच्या सकाळी कंबर तलावाकडून धुकं सरकत आलं, की ओलसर तारा बारीक गुणगुणत. आम्हाला ते नुसतं गुणगुणणं होतं. अण्णा मात्र रस्त्यात सायकल थांबवून मान तिरकी करी आणि सांगे, की त्या तिसऱ्या खांबावरच्या इन्सुलेटरवर धूळ बसली आहे, तो पुसायला हवा. डोळ्यांनी पाहण्याआधी कानांनी पाहणारा माणूस होता तो. रोहित्राच्या घरघरीवरून त्याला वस्तीत किती मोटारी चालू आहेत याचा अंदाज यायचा. आमच्या अव्वाला, म्हणजे आईला, दुसऱ्या खोलीतून नुसत्या तिच्या उसाशावरून तो कानडीत विचारी, गुडघा दुखतोय का.

मी एका सूतगिरणीत हिशेब तपासतो. केलेल्या बेरजेवरून पुन्हा बोट फिरवल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून असेल कदाचित, पण अण्णाची कामाची रीत मला कवितेसारखी वाटायची. लाईन बंद केल्याचं परमिट हातात असलं, तरी तो तारेला तसाच हात घालत नसे. मोठ्या लाईनचा टेस्टर वीज असली की वाजतो. अण्णा तो आधी अशा तारेपाशी नेई, जिच्यात वीज आहे हे नक्की ठाऊक आहे. तिथं तो वाजला, तर मग ज्या तारेवर काम करायचं तिच्यापाशी. ती गप्प राहिली, तरी पुन्हा एकदा त्या जिवंत तारेकडं. मधल्या वेळात टेस्टरनंच प्राण सोडले नाहीत ना, हे पाहायला. गणिताचा ताळा करावा तशी ही फेरी होती, आणि ती पुरी झाल्यावरच तो तारांना अर्थिंगची साखळी अडकवून कामाला लागे.

"गप्प बसण्याला लई कारणं असत्यात मल्लू," तो मला म्हणायचा. "तार मेलीय म्हणून गप्प असंल. सेल उतरलाय म्हणून असंल. न्हायतर चुकीचं हत्यार घिऊन गेलास म्हणून असंल." घरातल्या बोर्डाला लावायचा बोटभर टेस्टर अकरा हजार व्होल्टच्या तारेकडं नेणं म्हणजे मरण, आणि त्या तारेसाठी केलेला, फायबरच्या लांब दांडीवर बसवायचा टेस्टर घरगुती तारेपाशी झोपूनच राहतो. त्यावर चाचणीचं बटण असतं. पण त्या बटणावर अण्णाचा विश्वास नव्हता. "बटण दाबलं आन् वाजलं, म्हंजे तोंड चालू हाय. नाक चालू हाय का, ते तारेलाच इचारावं लागतं."

मेहबूबभाई त्याचा जोडीदार. अण्णा वर आणि मेहबूबभाई खाली, अशी दोघांनी ती नोकरी वाटून घेतलेली होती. दोरीला बांधून हत्यारं वर पाठवायची, गर्दी मागं सारायची, आणि वरच्याला जे दिसत नाही ते ओरडून सांगायचं, हे खालच्याचं काम. मेहबूबभाईचा आवाज पाणी तापल्यासारखा हळूहळू चढत जाणारा. "अण्णा, डावीकडं फांदी हाय." "अण्णा, वारं सुटलं, धरून ऱ्हावा." मधूनच गर्दीकडं वळून, "थांबा की जरा. अण्णा वर गेलाय त्यो देवाला भेटाय न्हाय, तुमचा पंखा चालू कराय गेलाय." लोक हसत. वर अण्णाचे खांदे हलत, त्यावरून तोही हसतो आहे हे कळे. त्या दोघांमध्ये खांबाएवढी हवा होती आणि त्या हवेत हाकेचा एक अदृश्य दोर लोंबत होता. अण्णाच्या कमरेच्या पट्ट्याइतकाच तो त्याला सांभाळून धरी.

मग एका उन्हाळ्यात कचेरीतून नवा टेस्टर मिळाला. जुन्याचा आवाज भुंग्यासारखा घोगरा होता. नव्याचा बारीक, टोकदार. होटगी रस्त्याकडच्या लाईनवर काम होतं. शेजारून दुसऱ्या फिडरची जिवंत तार जात होती, तिच्याकडं अण्णानं रीतीप्रमाणं आधी दांडी नेली. काही ऐकू आलं नाही. तो खाली उतरून आला.

"नवं कोरं आन् मेलेलंच दिलंय बग."

"अण्णा, वाजतंय की," मेहबूबभाई म्हणाला.

"चेष्टा नको करू उन्हाचं."

"चेष्टा कशाला करू? शिट्टी मारल्यागत वाजत हुतं. हितंपतूर आलं."

मेहबूबभाईनं दांडी घेतली आणि जमिनीवर उभं राहूनच ती त्या तारेकडं उंच नेली. अण्णा त्याच्या शेजारी उभा होता. त्यानं तारेकडं पाहिलं नाही, टेस्टरकडंही नाही. तो मेहबूबभाईच्या चेहऱ्याकडं पाहत राहिला, आणि जे कानांना कळलं नाही ते तिथं वाचून घेतलं. त्या दिवशी काहीही घडलं नाही. काम दुसऱ्यानं केलं, लाईन चालू झाली, लोकांचे पंखे फिरले. गप्प बसण्याच्या कारणांत एक कारण मात्र वाढलं होतं, आणि ते अण्णाच्या स्वतःच्या अंगात होतं.

कानाच्या डॉक्टरांनी काढलेला आलेख मी बराच वेळ पाहत बसलो. आकड्यांची मला भीती वाटत नाही, पण त्या रेषेची वाटली. जाड, खालचे सूर होते त्या बाजूला ती बऱ्यापैकी सरळ चालत होती आणि बारीक सुरांकडं जाता जाता पाण्यानं कापलेल्या बांधासारखी ढासळली होती. कानात घालायचं यंत्र घरात उपयोगी पडेल, डॉक्टर म्हणाले, पण उंचावरच्या वाऱ्यात ते वाराच मोठा करून ऐकवील. अण्णानं मान डोलावली. त्याच्या निवृत्तीला फार काळ उरला नव्हता. खांबावरून उतरून त्याला खुर्ची मिळाली असती, पगारही चालू राहिला असता. पण तो खुर्चीचा माणूस नव्हता. तो वर जाऊ शकेल की नाही, एवढाच आता आमच्या घरात प्रश्न होता.

मला वाटलं, हा आकड्यांचा प्रश्न आहे, म्हणजे सुटेल. डॉक्टरांचा आलेख खिशात घेऊन मी नव्या पेठेतली दुकानं पालथी घातली. अकरा हजारांसाठीच केलेला, पण जाड सुरात वाजणारा, आणि दिव्यांवर काळी टोपी असलेला, म्हणजे उन्हातही ते दिसावेत, असा टेस्टर मला हवा होता. एक दुकानदार वैतागून म्हणाला, "साहेब, लोक किती व्होल्टचा ते विचारतात, तुम्ही सूर विचारताय. तबला घ्यायला आलाय की टेस्टर?" पण त्यानंच पुण्याहून तसा मागवून दिला.

उपकेंद्राच्या आवारात, तिथल्या इंजिनिअरांच्या समोर, अण्णानं तो दांडीवर बसवून जिवंत तारेपाशी नेला. घोगरा, दाट आवाज उमटला. अण्णाच्या चेहऱ्यावर तो ऐकू येणं असं पसरत गेलं, जसं सकाळचं ऊन भिंतीवर वरून खाली उतरतं.

"झालं की मग," मेहबूबभाई म्हणाला. "सोमवारपास्नं तुमी वर, आन् मी सावलीला. काय हिशेबनीस, चहा सांगा."

मी चहा सांगायला वळलोही होतो. अण्णा म्हणाला, "थांब. टेस्टरचा ताळा झाला. आता माझा करू."

आवाराच्या कोपऱ्यात नव्या लोकांना चढायला शिकवायचा एक खांब होता. त्याच्या तारांत वीज नव्हती. अण्णा त्याच्यावर चढला. त्यानं मेहबूबभाईला एवढंच सांगितलं होतं, की मी पाठ करून काम केल्यासारखं करीन, तू नेहमीसारखी हाक मार. दुपारचं वारं सुटलं होतं. कुंपणाकडच्या निलगिरींची पानं सळसळत होती, कुठंतरी सैल पत्रा वाजत होता. पाठमोरा अण्णा वर पट्ट्यावर रेलून तार बांधत होता, आणि त्याच्या हातांच्या हालचालीत इतकी जुनी, इतकी शांत लय होती, की मला ती पाहतच राहावीशी वाटली.

"अण्णा, हात काढा."

हात चालूच राहिले.

"अण्णा, हात काढा की."

वारा पडला नाही, पाठ वळली नाही. तिसऱ्या वेळी मेहबूबभाईचा आवाज नेहमीसारखा चढत गेला नाही. तो मधेच फाटला. मग त्यानं तोंड मिटलं आणि डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरलं. बऱ्याच वेळानं अण्णानं आपणहून खाली पाहिलं आणि तो उतरू लागला.

"मारलीस का हाक?"

"न्हाय अजून," मेहबूबभाई म्हणाला. "म्हटलं, आदी नीट उभं ऱ्हावा, मग मारावी."

इतक्या वर्षांत त्यानं अण्णाला खालून कधी खोटं सांगितलं नव्हतं. अण्णानं त्याच्याकडं पाहिलंच नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं. आमच्या घरात कुठल्याही गोष्टीचा खरा आकडा हवा असला, की सगळे मला विचारतात.

"मल्लू, किती?"

"तीनदा," मी म्हणालो.

"साकू," अण्णा म्हणाला. पुरे. जेवताना आणखी भाकरी नको असली, की आम्ही घरात ज्या सुरात म्हणतो, त्याच सुरात.

मेहबूबभाई त्याच्या मागं मागं चालत होता. "अवो, मी अजून मोठ्यानं वरडतो की. शिट्टी आणतो. कंबरंला दोरी बांधू, वडली की समजंल."

"तसं न्हवं रं. तू वरडशील, मला ऐकू येनार न्हाय. मी जाईन सुटून. आन् तू जनमभर इचारत बसशील, अजून मोठ्यानं वरडाय पायजे हुतं का."

अण्णानं वर न चढण्याचा अर्ज स्वतः दिला. उरलेली नोकरी त्यानं भांडारात काढली. तिथं तो रबरी हातमोजे तपासायचा. मोज्याचं तोंड गुंडाळत आणून आत हवा कोंडायची, आणि कुठं बारीक छिद्रातून ती निसटते का ते पाहायचं. बाकीचे तो फुगलेला मोजा कानाशी धरून ऐकत. अण्णा गालाशी धरायचा. डोळे मिटून, मान तिरकी करून, हवेची एखादी सुईएवढी झुळूक कातडीला लागते का याची वाट पाहत तो बसलेला असे, आणि दाराशी उभ्या माणसाला वाटे, याला झोप लागली आहे.

आता तो अक्कलकोटकडच्या आमच्या गावी, मुलाच्या शेतावर राहतो. मी गेलो की तो कानातलं यंत्र नीट बसवून माझ्या समोर बसतो, माझ्या ओठांकडं पाहतो आणि मी जे बोलतो त्यातलं बरंचसं समजून घेतो. त्या दुपारबद्दल त्याच्या मनात कसलीही अढी नाही. मेहबूबभाई अजून नोकरीत आहे. दुसऱ्या कुणाच्या तरी खांबाखाली उभा राहून हाका घालतो. रस्त्यात भेटला की चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. एकदाच, कपातला चहा बशीत ओतता ओतता, माझ्याकडं न बघता म्हणाला, "तीनदाच्या जागी एकदा म्हटला असता, तरी चाललं असतं की."

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. एकदा म्हटलं असतं, तर अण्णा म्हणाला असता, वारं होतं, पुन्हा बघू; आणि पुन्हा पाहताना कदाचित वारं पडलं असतं, आणि तो सोमवारी वर गेला असता. त्यापुढचं मला मांडता येत नाही. मला आज कुणी विचारलं तर मी आजही तीनदाच म्हणेन, कारण हाका तीन होत्या. पण माणूस आठवणीत जातो तो दुरुस्ती करायला नव्हे, रेंगाळायला. गेलेल्या काळाला आकडा नसतो, त्याला फक्त जागा असतात. त्यातली एक जागा त्या आवारात आहे, अण्णाचा प्रश्न आणि माझं उत्तर यांच्यामध्ये, एका श्वासाएवढी. तिथं माझा भाऊ अजून लाईनमन आहे. मी अधूनमधून तिथवर जातो, त्याच्या डोळ्यांकडं पाहत उभा राहतो, आणि उत्तर द्यायला थोडा उशीर करतो.