कालवडीची साक्ष

चौतीस साली नारायण सोलापूरला जनावरांचा डॉक्टर म्हणून आला, तेव्हा रोगाचं नाव त्याच्या जिभेवर तयार असायचं. मुंबईहून शिकून आलेला, अंगावर कोरा कोट, बुडाखाली सरकारी सायकल. जनावरानं तोंड उघडायचा अवकाश, की ह्यानं नाव सांगितलंच! त्या चैतात कुंभारीच्या माळावर केराबाईच्या शेळ्या पडायला लागल्या, तेव्हाही त्यानं तसंच केलं. तोंडात चट्टे, नाकाला शेंबूड, मागून पाण्यासारखी हगवण. दोन शेळ्या बघितल्या आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहून टाकलं, बुळकांडी. खाली झोकदार सही ठोकली आणि स्वारी जेवायच्या वेळेला घरी परत.

कागद गेला कुंभारीच्या मडिवाळप्पा पाटलाकडे. पाटलानं त्याच दिवशी ओढ्याच्या वाटेवर माणसं बसवली. माळावरचं एकही जनावर खाली उतरायचं नाही. आता त्याचं तरी काय चुकलं? बुळकांडी म्हणजे गाईबैलांचा काळ. मागच्या खेपेला गोठेच्या गोठे रिकामे झालेले त्यानं डोळ्यांनी पाहिले होते.

केराबाई मंगळवेढ्याकडची धनगरीण, शेळ्या घेऊन फिरत फिरत ह्या माळावर उतरलेली. नवरा वारलेला, घरात सून आणि दारात सत्तर शेळ्या, एवढाच संसार. खाली ओढ्याला पाणी होतं, काठाला बाभळीच्या शेंगा होत्या. माळावर नुसते दगड. चांगल्या शेळ्या आजाऱ्यांतून काढून ओढ्याकाठी नेल्या तर वाचणार होत्या, आणि नेमकं तेवढंच तिला करता येत नव्हतं. सून दोन कोसांवरून घागरी आणायची. सत्तर तोंडांना ते किती पुरणार?

चार दिवसांनी नारायण पुन्हा आला, तर बाईनं सायकलीचं हँडलच धरलं.

"डाक्तर, ही बुळकांडी न्हाय."

"असं? तुम्ही कुठल्या कॉलेजात होता, केराबाई?"

"थट्टा नगा करू. ही माजी कालवड बगा. भावानं आंदण दिल्याली. पयल्या दिसापास्नं ह्यांच्याच घोळक्यात बसती, ह्यांचंच उष्टं पाणी पिती. बुळकांडी आसती तर ही आदी गेली आसती. हाय का न्हाय?"

नारायणचं हसू तिथंच विरलं. कालवड रवंथ करत होती. डोळे स्वच्छ, नाक ओलं, शेण बांधलेलं. त्यानं तिचं तोंड दोनदा उघडून बघितलं. अरे देवा, आपण हिच्याकडे पाहिलंच नव्हतं!

"मग हे आहे तरी काय?" तो पुटपुटला.

"मला काय ठावं? शिकल्यालं तुमी की! आसं करू. ईस-पंचईस शेळ्या आजून धड हाईत. मी कालवड आजाऱ्यांत दाव्यानं बांदती. धा दीस. मेली तर तुमचं खरं. जगली तर तुमी दिलेलं नाव तुमीच काढायचं. बोला."

एकुलती एक कालवड पणाला लावत होती बाई. नारायणला लाज वाटली. "दिला शब्द," तो म्हणाला.

मग तो रोज सायकल हाणत येऊ लागला. ऊन असं, की वहाण तापायची. कालवडीचा ताप बघायचा, तोंड बघायचं, वहीत टिपायचं. कालवड ठणठणीत. आणि तिच्या दोन्ही बाजूंना शेळ्या खोकत, कण्हत आडव्या होत होत्या. दहाव्या दिवशी धड शेळ्यांपैकी चारच उरल्या. तरी चार होत्या! रोगाचं नाव बदलायला वरची मंजुरी लागायची, म्हणून नारायण वही घेऊन थेट सोलापूरच्या आपल्या साहेबांपुढं उभा राहिला.

साहेब काही वाईट माणूस नव्हता. वही त्यानं शेवटपर्यंत वाचली. मग टेबलावरचं जनावरांच्या रोगांचं जाडजूड पुस्तक पुढं सरकवलं.

"बुळकांडी नाही म्हणता. मग काय आहे?"

"बुळकांडीसारखंच दिसतं, साहेब. तिच्याच कुळातलं असेल. पण गाईला लागत नाही. वेगळंच काहीतरी आहे."

"ह्यात कुठं आहे ते दाखवा."

पुस्तकात नव्हतं. नारायणनं ते आठ रात्री चाळलं होतं.

"म्हणजे नाव नाही. मग मी तक्त्यात काय भरू? डॉक्टरांना कळत नाही, असं? आणि एक कालवड जगली म्हणून वाट मोकळी केली नि उद्या सात गावांची गुरं झोपली, तर? तुम्ही छातीवर हात ठेवून सांगता का, की असं होणार नाही?"

नारायणचा हात वर गेला नाही. एखादं जनावर बुळकांडीतूनही तगतं, हे त्याला ठाऊक होतं. मेल्या शेळीचं रक्त त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली दहादा धरलं होतं. त्यात काहीसुद्धा दिसलं नव्हतं.

"नाव सापडलं की या," साहेब हलक्या आवाजात म्हणाला.

तो माळावर पोचला तेव्हा ऊन कलत होतं. चारीही शेळ्या गेल्या होत्या. केराबाई रडत नव्हती. तिनं कालवडीचं दावं सोडून त्याच्या हातात दिलं.

"आता हिला तरी पाणी दावा. सून सकाळधरनं तापानं पडलीया, घागर कोन आननार? हिला काईच झालं न्हाय, तुमीच लिवलंय न्हवं?"

नारायण कालवड घेऊन उतरला. ओढा पन्नास पावलांवर असताना मडिवाळप्पा पाटील आडवा आला. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यानं नीट उलगडला.

"पाटील, ती चांगली आहे हो! मी डॉक्टर सांगतोय!"

"इल्ला, न्हाय, डाक्तर. माज्या गावात दोनशे गुरं हाईत. हितं बुळकांडी लिवलंय. सही कुनाची हाय?"

नारायणनं कागद पाहिला. अक्षर सुरेख होतं. खोडून दुसरं लिहावं, तर लिहायला नाव नव्हतं.

"माझीच," तो म्हणाला.

त्यानं दावं ओढून कालवडीला माळाकडे वळवलं. पण तिला पाण्याचा वास लागला होता. धडधाकट जनावर ते, चारी पाय रोवून उभं राहिलं आणि काही केल्या वळेना.